मुसवा गुरुजी

दर संकुलात असे एक गुरुजी असतातच. बाकीचे मास्तर निवडणुकीची ड्यूटी, सर्वेक्षणं आणि मध्यान्ह भोजनाचा तांदूळ यांतून उरलेल्या वेळात शिकवतात. हे शिकवण्यातून उरलेल्या वेळात सॉफ्टवेअर अपडेट करतात. आमच्या नवा रायपुरातले गुरुजी मला जवळून पाहायला मिळाले, कारण सेक्टर २७ मध्ये त्यांची आणि आमची भिंत एकच आहे. त्यांचं खरं नाव इथे सांगून उपयोग नाही, शाळेतही ते फक्त पगारपत्रकावर आहे. मुलं त्यांना ‘मुसवा गुरुजी’ म्हणतात. छत्तीसगढीत मुसवा म्हणजे उंदीर, आणि गुरुजींचा उजवा हात माऊसवरून उठलेला मुलांनी पाहिलेला नाही. हजेरी ते डाव्या हाताने मांडतात. प्रार्थनेच्या वेळी लॅब बंद असते तेव्हासुद्धा जोडलेल्या हातांतला उजवा किंचित वाकडाच असतो.

घराणं मूळ तात्यापाऱ्यातलं. बिंबाजी भोसले १७५८ साली रतनपुरात येऊन राज्य करायला लागले, तेव्हा नागपुराकडून जी मंडळी या मुलखात उतरली त्यांत आपले खापरपणजोबा हिशेबनीस होते असं गुरुजी सांगतात. हिशेबनीस होते म्हणताना ते दर वेळी थोडं थांबतात. गणित रक्तात आहे हे समोरच्याला आपणहून कळायला वेळ मिळावा म्हणून. त्यांची मराठी रायपुरी आहे. “काय करून राहिले? या न, एक नवीन ॲपलेट बनवलं,” असं भिंतीपलीकडून ऐकू आलं की बायको मला जोडे आणून देते.

जुनं रायपूर सोडून ते इकडे राहायला आले त्याचं कारण इतर लोकांसारखं नव्हतं. मंत्रालय २०१२ मध्ये इकडे आलं, त्याच्या मागे कर्मचारी आले, स्टेडियम आधीच झालं होतं, आयआयएम आली, २०१८ मध्ये गावाला अटलनगर हे नावही मिळालं. गुरुजींना यातलं काही नको होतं. त्यांना सरळ रेषा हव्या होत्या. तात्यापाऱ्यात दोन समांतर गल्ल्या दाखवणाऱ्याला ते चहा पाजायला तयार असत, आणि तीस वर्षांत एकालाही पाजावा लागला नाही. इथे रस्ते पट्टीने आखलेले, चौक काटकोनात, आणि संध्याकाळी मंत्रालयाच्या बसेस जुन्या शहराकडे निघून गेल्या की त्या रुंद रस्त्यांवर फक्त गाई. गाई कुठेही बसतात, तेवढा एक दोष ते मान्य करतात.

गुरुजींचं दैवत जिओजेब्रा. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर या विद्यार्थ्याने २००१ च्या सुमारास आपल्या पदव्युत्तर प्रबंधासाठी हे सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. एका बाजूला आकृती, दुसऱ्या बाजूला तिचं समीकरण. आकृती ओढली की समीकरण बदलतं, समीकरण बदललं की आकृती हलते. साल्झबुर्ग म्हटलं की जगाला मोझार्ट आठवतो. गुरुजींना मोझार्ट त्या गावचा दुसरा माणूस म्हणून माहीत आहे. २०२१ च्या डिसेंबरात बायजूजने जिओजेब्रा विकत घेतलं ही बातमी आली, त्या दिवशी त्यांनी आपल्या पेनड्राइव्हवरच्या प्रतीच्या आणखी तीन प्रती केल्या आणि एक आमच्याकडे ठेवायला दिली. ती आमच्या देव्हाऱ्याच्या खणात अजून आहे.

त्यांची काशी केरळात. तिथे आयटी-ॲट-स्कूल प्रकल्पात हजारो शिक्षक मुक्त सॉफ्टवेअरवर तयार झाले, हे ते “तिकडे बघा जरा” या सुरात सांगतात. प्रत्यक्ष केरळात ते गेलेले नाहीत. काशीला न गेलेलेच तिच्याविषयी जास्त बोलतात. रायगड जिल्ह्यातल्या एका लहान वाडीच्या शाळेची गोष्ट सांगताना मात्र त्यांचा गळा दाटतो. २००७ मध्ये तिथे ते हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले, प्रत्येक मुलाला एक, आणि मुलं ते घरी घेऊन जायची. “घरी! विचार करा, घरी!” असं म्हणत गुरुजी डोळे पुसतात, उठतात आणि लॅबला कुलूप लावतात. किल्ली जानव्याला असते.

आता त्यांचा तास. नियम एकच, आणि तो ते फळ्यावर स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतात : मुलांनी स्वतः शोधायचं. त्रिकोणाच्या कोनांचा धडा. पडद्यावर त्रिकोण, प्रत्येक कोनाशेजारी त्याचं माप, दोन दशांश स्थळांपर्यंत. “देखो बच्चों, मैं कुछ नहीं बताऊँगा. तुम खुद खोजो,” असं म्हणून गुरुजी शोधायला लागतात. शिरोबिंदू डावीकडे नेतात, उजवीकडे नेतात, त्रिकोण बारीक करतात, पसरट करतात. मुलांकडे “एक सौ अस्सी!” असं ओरडण्याचं काम असतं, तेही गुरुजींनी भुवया उचलल्यावर. मागून कुणीतरी “गुरुजी, मोर पारी कब आही?” असं विचारतं. पाळी येईल, असं गुरुजी सांगतात. दर वर्षी सांगतात.

तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसते. तिचे वडील आठवडी बाजारात भाजी विकतात आणि गल्ल्याचा हिशेब तिच्याकडे असतो, त्यामुळे बेरीज दिसली की ती करून पाहते. पडद्यावर ५२.३३, ६१.३३ आणि ६६.३३ असे कोन होते. तिने वहीत मांडलं आणि हात वर केला. “गुरुजी, एक पइसा कमती हे.”

१७९.९९. वर्ग शांत. गुरुजींनी पुन्हा बेरीज केली, मग हसून सांगितलं की संगणक तिसरा दशांश दाखवत नाही, पूर्णांकन करतो. उपायही लगेच केला : सेटिंगमध्ये जाऊन दशांश स्थळंच काढून टाकली. न रहेगा पइसा. पुन्हा शिरोबिंदू सरकवला. ४१, ६१, ७९.

“अब एक रुपिया जादा हे.”

खरं म्हणजे यात चूक कुणाचीच नाही. ४०.६, ६०.७ आणि ७८.७ यांची बेरीज चोख १८०. तिन्ही वरच्या अंकाला गेले की १८१ होणार. गुरुजींना हे माहीत होतं, पण घाईत त्यांच्या तोंडून वेगळंच निघालं : “कंप्यूटर के मन में पूरा एक सौ अस्सी है.” संगणकाच्या मनातलं गुरुजींना कळतं, याचा मुलांवर फार परिणाम झाला. दोन दिवस कुणी मस्ती केली नाही. शेजारच्या वर्गातल्या बाईंनी त्याच आठवड्यात जुन्या प्रश्नपत्रिकेतून एक त्रिकोण कापला, तिन्ही कोपरे फाडले, एका रेषेवर शेजारी शेजारी ठेवले आणि “झालं सरळ? लिहा,” म्हणून पुढच्या धड्याला गेल्या. गुरुजींच्या मते ही पद्धत अवैज्ञानिक आहे. सिद्धता म्हणून पाहिलं तर कोपरे फाडणं आणि माऊसने हजार त्रिकोण ओढणं यांत डावं-उजवं काही नाही. हजार त्रिकोण पाहून भरवसा येतो. पण हजार-एकावा का बिघडणार नाही, हे कळण्यासाठी शिरोबिंदूतून पायाला समांतर एक रेघ काढून विचार करावा लागतो, आणि ती रेघ कोळशाने भिंतीवर काढली तरी चालते.

तरी मी सॉफ्टवेअरची बाजू घेईन. आमच्या मास्तरांनी उभ्या हयातीत फळ्यावर एकच त्रिकोण काढला. दर वर्षी तोच, पाया खाली, टोक वर, तिन्ही बाजू जवळजवळ सारख्या. त्रिकोण आडवा पडू शकतो, त्याचा लंब बाहेर जाऊन पडू शकतो, हे मला नोकरी लागल्यावर कळलं. चौरस ४५ अंशांनी फिरवला की सातवीतली मुलं सरसकट सांगतात, “ये चौरस नहीं, बरफी है.” पडद्यावर तोच चौरस हळूहळू फिरवत नेला, बाजू आणि कोन तसेच राहिले, की बरफी म्हणणारी मुलं गप्प होतात आणि विचारात पडतात. हे खडूला जमत नाही. गुरुजींची श्रद्धा खोटी नाही. तिच्या आणि मुलांच्या मधे फक्त त्यांचा तळहात आहे.

हा तळहात तिथे का बसला, ते एकदा वहिनींनी सांगितलं. १९८४ मध्ये केंद्र सरकारने निवडक शाळांमध्ये संगणक पाठवायला सुरुवात केली, क्लास नावाची योजना होती, यंत्रं बीबीसी मायक्रो. गुरुजी त्या वेळी विद्यार्थी. संगणक आला, त्याला मखमली अभ्रा आला, खोलीला पडदे आले, दाराशी चपला काढायचा नियम आला. सबंध वर्गाला रांगेने आत नेलं. प्रत्येकाने एक बटण दाबायचं आणि पुढे व्हायचं. आमच्या गुरुजींच्या वाट्याला स्पेसबार आला. तो दाबल्यावर पडद्यावर काहीच झालं नाही. मागच्या मुलाने ‘के’ दाबला, तो उमटला. तो मुलगा पुढे अमेरिकेत गेला. वहिनी म्हणतात, या माणसाला अजून झोपेत अंगठा आपटायची सवय आहे.

तेव्हा सेमूर पेपर्टचं नाव ते इतक्या भक्तीने का घेतात, हेही मला उलगडलं. पेपर्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये लोगो ही मुलांसाठीची भाषा केली. मुलाने हुकूम द्यायचा आणि पडद्यावरच्या कासवाने रेघ ओढत चालायचं. मशीन मुलाला शिकवतं यापेक्षा मुलाने मशीनला शिकवावं, हे त्याचं म्हणणं १९८० च्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकात आहे. गुरुजींनी ते पुस्तक दोनदा वाचलं. शाळेत लोगो बसवलंही. कासव त्या वर्षी फार फिरलं, सगळं गुरुजींच्याच हुकमाने.

घरी या भक्तीला एकच तोडीस तोड आहे, गुरुजींच्या आई. त्यांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि औटकी येते, म्हणजे साडेतीनचा पाढा. गुरुजींनी एकदा नातवासाठी अपूर्णांकांच्या पाढ्याचं ॲपलेट केलं. स्लायडर सातवर आणायचा, साडेतीन निवडायचं, मग पडद्यावर चौकोन रंगत जायचे. चौकोन रंगत होते. आई मटार सोलत होत्या. “सात औटे साडेचोवीस,” त्या म्हणाल्या, “आणि रंग कसला लावतोस रे, कुकर लाव.”

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या. एप्रिलमध्ये राज्य सरकारचं ‘पढ़ई तुंहर दुआर’ हे पोर्टल सुरू झालं आणि गुरुजींचा सुवर्णकाळ आला, असं त्यांना वाटलं. ऑनलाइन तासात त्यांचा चेहरा दिसत नसे, फक्त बाण दिसे. पुढे लक्षात आलं की बऱ्याच मुलांकडे इंटरनेटच नाही. त्यांच्यासाठी ‘बूलटू के बोल’ नावाचा उपक्रम निघाला. बूलटू म्हणजे ब्लूटूथ. धड्याचा आवाज एका मोबाईलवरून दुसऱ्यावर द्यायचा, आठवडी बाजारात, झाडाखाली, जिथे माणसं भेटतील तिथे. कल्पना झकास होती. गोष्टी, कविता, गाणी गावोगाव पोचली. गुरुजींनी मध्यगांचा धडा दिला. सात मिनिटांचं ध्वनिमुद्रण. “अब देखो, ये बिंदु मैं यहाँ सरकाता हूँ... देखा?... अब इधर... देखा?... अब तो साफ दिख रहा है.” पुढे दोन मिनिटं माऊसचे नुसते टिकटिक आवाज. बाजारात तो धडा बराच फिरला म्हणतात. सर्वांनी शेवटपर्यंत ऐकला, कारण पुढे काय होतं याची उत्सुकता होती.

त्याआधी क्लिक्सवाले येऊन गेले होते, तो किस्सा राहिलाच. टाटा ट्रस्ट्स, मुंबईची टिस आणि अमेरिकेतलं एमआयटी यांचा हा उपक्रम छत्तीसगड, मिझोराम, राजस्थान आणि तेलंगण या चार राज्यांतल्या शाळांत चालला. त्यात ‘पोलीस क्वाड’ नावाचा खेळ होता : गुणधर्मांचे धागेदोरे लावून चौकोन ओळखायचा. मुलांनी एकत्र बसून, बोलून, भांडून शिकावं हा त्यामागचा विचार. म्हणजे माऊस मुलांच्या हातात. पहिल्या दिवशी गुरुजी हात पाठीमागे बांधून वर्गभर फिरले. दुसऱ्या दिवशी ताप असल्यासारखे दिसत होते. तिसऱ्या दिवशी एका बाकावर दोन पोरं एका समलंब चौकोनाला समांतरभुज म्हणून धरत होती, तेव्हा त्यांना राहवलं नाही. “उठ बेटा,” ते म्हणाले, “इसकी पूछताछ मैं करता हूँ.”

त्यांचा सगळ्यात मोठा सार्वजनिक प्रयोग मात्र गणपतीत झाला. जिओजेब्राच्या पाचव्या आवृत्तीत, २०१४ मध्ये, त्रिमिती आली. गुरुजींनी एक वक्र घेतला, उभ्या अक्षाभोवती फिरवला आणि मराठी मंडळींच्या कार्यक्रमात भिंतीवर सहा फुटांचा मोदक उभा केला. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या एका काकूंनी चष्मा काढला, पुसला, घातला.

“कळ्या कुठे आहेत?”

गुरुजी म्हणाले, परिभ्रमण पृष्ठाला कळ्या नसतात.

“मग हा कांदा आहे.”

हे गणितानेही खरं आहे. वक्र नुसता फिरवला की सगळीकडून सारखाच दिसणार, चुणी पडायला जागाच नाही. गुरुजींनी रात्र जागून त्रिज्येत थोडी साइनची लाट मिसळली आणि दुसऱ्या दिवशी अकरा कळ्यांचा मोदक आणला. काकू म्हणाल्या, अकरा म्हणजे सुनेच्या हातचा, निदान एकवीस हव्यात. असल्या मागण्यांना पुरून उरायचं म्हणून गुरुजींनी कळ्यांनाच स्लायडर लावला. तिसऱ्या दिवशी सभागृह भरलेलं. स्लायडर निघाला : अकरा, अकरा पूर्णांक एक, दोन, तीन... आणि मोदक एका बाजूने उभा चिरला. कळ्यांची संख्या पूर्णांकात नसली तर फेरी पुरी होताना लाटेची दोन टोकं जुळत नाहीत. गुरुजी हे समजावून सांगत होते, पण काकू उठून उभ्या राहिल्या होत्या. “उकड कोरडी झाली,” त्या सभागृहाला म्हणाल्या. अध्यक्षांनी समारोपात दोघांचेही आभार मानले.

आता गेल्या पावसाळ्यातलं सांगतो. परिकेंद्राचा धडा सुरू होता. त्रिकोणाच्या बाजूंचे लंबदुभाजक जिथे मिळतात तो बिंदू. तिथे कंपासचं टोक ठेवलं की तिन्ही शिरोबिंदूंतून जाणारं वर्तुळ निघतं. तेवढ्यात मुख्याध्यापकांचा निरोप आला. शाळेची माहिती ऑनलाइन भरायची शेवटची तारीख होती, आणि सबंध शाळेत ‘सबमिट’ कुठे असतं हे ठाऊक असलेला माणूस एकच. गुरुजी धावले. लॅबला कुलूप लावायला तीस मुलं बाहेर काढावी लागली असती. तेवढा वेळ नव्हता.

परत आले तेव्हा तिसऱ्या बाकावरची मुलगी खुर्चीत होती. गुरुजी त्रिकोण नेहमी जपून ओढतात, त्याची तब्येत बिघडू देत नाहीत. हिने वरचा शिरोबिंदू धरून पार पायावर आणून टेकवला होता. वर्तुळ ताणत ताणत रेघेसारखं झालं होतं आणि परिकेंद्र पडद्यावर नव्हतं.

“गुरुजी, केंद्र कहाँ गिस?”

गुरुजींनी उत्तर उद्यावर टाकलं. रात्री भिंतीवर टकटक झाली. मी गेलो तेव्हा ते पाया सहा सेंटिमीटर धरून त्रिकोणाची उंची कमी करत बसले होते. उंची सेंटिमीटरचा हजारावा भाग केली, तर केंद्र पंचेचाळीस मीटर खाली, म्हणजे समोरच्यांच्या अंगणात. आणखी एक शून्य दिलं, साडेचारशे मीटर. दर शून्याला दहा पट. दोन शून्यांनी ते पंचेचाळीस किलोमीटरवर गेलं. “दक्षिणेला धरलं तर धमतरीच्या वाटेला लागलं,” गुरुजी घाम पुसत म्हणाले. स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, “धमतरीहून येताना दही आणा.” त्यांनी शून्यांवर शून्यं दिली. मध्यरात्रीनंतर संगणक अडकला.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी वही घेऊन आली. एका रेषेवर तीन बिंदू, गुण्याने काढलेले दोन लंबदुभाजक, दोन्ही उभे, एकमेकांना समांतर. “दुनो रद्दा एके डहर जावत हे, त मिलही कहाँ?” नवा रायपुरातली मुलगी, समांतर रस्ते ती रोज पाहते. केंद्र धमतरीला नाही, जगदलपूरलाही नाही, कुठेच नाही, हे तिने पाऊण पानात संपवलं होतं.

गुरुजींनी वही दोनदा वाचली. मग वर्गासमोर जाहीर केलं की आज ही शिकवणार. खुर्ची तिला दिली. माऊस तिच्या हातात दिला, तो देताना त्यांची बोटं एकेक करून सुटली, मुलांनी मोजली. टाळ्या झाल्या. तिने माऊस हलवला, बाण हलला, आणि वाक्य लिहायला तिने हात पुढे केला, तर कीबोर्ड जागेवर नव्हता. गुरुजी शेजारच्या स्टुलावर तो मांडीवर घेऊन बसले होते.

“तू बोल बेटा,” ते म्हणाले, “मैं टाइप करता हूँ.”